ज्या प्रश्नाला ‘व्हय’ उत्तर येतं

आमच्या भिंगारदिवे सिस्टर दर सोमवारी सकाळी बरोबर साडेसात वाजता आजारी पडत.

आपोआप नव्हे, ठरवून. नर्सिंगच्या वर्गात मागच्या भिंतीला एक लोखंडी खाट होती. घंटा झाली की सिस्टर चपला काढून खाटेखाली जोडीनं ठेवत, आडव्या होत आणि मिटल्या डोळ्यांनी सांगत, “पेशंट आलाय. टायफॉईड, चौदावा दिवस. अंगात एकशे तीन ताप. चला, लागा कामाला!” की आम्ही बारा जणी बादल्या, टॉवेल, थर्मामीटर घेऊन त्यांच्याभोवती गोळा. सोमवारी टायफॉईड, बुधवारी मोडलेली मांडी, शुक्रवारी बाळंतपणानंतरचा तिसरा दिवस. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी तर त्या चक्क मरत. मेलेल्या माणसाला नीटनेटकं करून नातेवाइकांच्या हवाली कसं करायचं, तेही नर्सला शिकावं लागतं ना! पण मेल्यावरही त्यांचं तोंड बंद नसे. “अगं, हनुवटी बांध आधी! असं आ वासलेलं तोंड माझ्या माणसांना दाखवणार का तू?” असं प्रेत ओरडलं की आमच्यातली एखादी हमखास फिस्सकन हसायची, आणि मग प्रेत उठून बसून तिला वर्गाबाहेर काढायचं.

खरं तर शिकायला दवाखान्यात बाहुली होती. माणसाएवढी, गोरी, निळ्या डोळ्यांची, परदेशातून पेटीत घालून आलेली. सिस्टरांनी तिला कपाटात कोंडून कुलूप लावलं होतं. “हिच्या अंगावर उकळतं पाणी ओतलं तरी हसते मेली,” त्या म्हणत. “हिच्यावर शिकलेली नर्स उद्या खऱ्या माणसाला भाजून काढील.”

आणि पेशंट म्हणून सिस्टर इतक्या खाष्ट की विचारू नका. दर वेळी नवं नाव घेऊन यायच्या. आज गयाबाई, परवा हौसाबाई, कधी भागूबाई. मग बोलणंही पार बदलायचं. एरवी शाळामास्तरीण बोलेल तसं शुद्ध बोलणारी बाई खाटेवर पडली की “आगं पानी लई गार हाय, मारतीस का मला?” असं सुरू करायची. पाठ पुसताना चादर भिजली की “आता ह्या वल्यात झोपू व्हय?” तोंडात थर्मामीटर असताना आम्ही काही विचारलं, तर उत्तर देण्याचा प्रयत्न करून तो पाडायच्या. दोन फोडले त्यांनी असे. मेट्रनबाईंनी जाब विचारला, तर म्हणाल्या, “मुलींनी तोंडात काच असलेल्या माणसाला प्रश्न विचारला. आता आयुष्यात विचारणार नाहीत.” आणि खरंच, मी पुढे तीस वर्षं नोकरी केली, कधी विचारला नाही.

त्यांचं सगळं शिक्षण तीन शब्दांत होतं. पाणी, चादर आणि नाव. आम्ही आपल्या वह्या भरून हाडांची लांबलचक नावं पाठ करून यायचो आणि त्या म्हणायच्या, “ते छान. आता आडव्या माणसाला ठसका न लागता पेलाभर पाणी पाजून दाखव.” करून बघा घरी एकदा. मानेखाली हात कुठवर घालायचा, पेला कुठल्या बाजूनं लावायचा, दोन घोटांत किती थांबायचं, याला आम्हाला आठवडा लागला. सिस्टरांच्या पदरावर त्या आठवड्यात इतकं पाणी सांडलं की रोज दुपारी त्यांची साडी दोरीवर असायची.

हात धुण्याचं तर वेडच. नगरच्या बाजारात भाजी घ्यायला गेल्या की आधी भाजीवालीचा हात उलटा करून नखं बघायच्या. “आधी नखं काप, मग मेथी दे.” भाजीवाल्या त्यांना लांबून पाहिलं की हात पदराखाली घ्यायच्या. तेव्हा बहात्तरचा दुष्काळ सुरू होता. दवाखान्याला टँकरनं पाणी यायचं, माणशी दोन बादल्या ठरलेल्या. मेट्रनबाई म्हणाल्या, मुलींचं हात धुणं जरा कमी करा. सिस्टर म्हणाल्या, “माझी अंघोळ कमी करते.” आणि केली. चार महिने ती बाई एका तांब्यात अंग पुसून घ्यायची, आणि तिची दुसरी बादली आमच्या वर्गाच्या दारात ठेवलेली असायची. आम्हाला कुठे त्याची किंमत! आम्हाला ते सगळं विचित्रच वाटायचं. त्यांच्या मागे आम्ही त्यांची नक्कल करायचो, आणि सगळ्यांत हुबेहूब नक्कल माझी होती.

माझं आता सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी मंजुळा, पारनेर तालुक्यातली. वडील लहानपणीच गेले. चुलत्यांच्या घरात आई आणि मी. मॅट्रिक झाले तर चुलते म्हणाले, राहात्याकडचं एक स्थळ आलंय, बागाईत आहे. नवरदेव अडतीस वर्षांचा, पहिली बायको वारलेली, पदरी दोन मुलगे, थोरला माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. पण विहिरीला पाणी होतं. त्या साली विहिरीला पाणी असलेला कुठलाही पुरुष देखणाच दिसायचा, निदान आमच्या चुलत्यांना तरी. मी तीन दिवस जेवले नाही, आई पाया पडली, तेव्हा कुठे चुलते मला नर्सिंगला पाठवायला कबूल झाले. पण अट घातली. सहा महिन्यांनी नर्सच्या डोक्यावर पांढरी टोपी घालतात, ती मिळाली तर पुढे शीक. नाही मिळाली आणि परत पाठवलं, तर मुकाट्यानं राहात्याला जायचं. आईनं एस.टी.त बसवताना एवढंच सांगितलं, “टोपी घालूनच तोंड दाखव.”

म्हणून मी अभ्यासाला अशी भिडले होते की बाकीच्या मुली मला ‘घाण्याचा बैल’ म्हणायच्या. म्हणू देत. मला परत जायचं नव्हतं म्हणजे नव्हतं.

आता सिस्टरांचा सगळ्यांत मोठा वैरी. तो म्हणजे ‘व्हय’.

दवाखान्यात येणारी माणसं खेड्यापाड्यांतली. पाथर्डी, नेवासा, जामखेड, कुठून कुठून यायची. पांढऱ्या कपड्यांतल्या माणसासमोर त्यांना ‘नाही’ म्हणायचं धाडसच व्हायचं नाही. औषध घेतलं का? व्हय. दुखतंय का? व्हय. दुखायचं थांबलं का? व्हय. सिस्टरांनी पहिल्याच आठवड्यात आम्हाला पुरुषांच्या वॉर्डात नेलं. एक पांढऱ्या मिशांचे बाबा बसले होते. सिस्टरांनी त्यांना नमस्कार केला आणि अगदी गंभीरपणे विचारलं, “बाबा, तुमचं नाव गंगूबाई ना?”

“व्हय सिस्टर,” बाबा म्हणाले.

आम्ही हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडलो. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी बाबांची माफी मागितली, मग नीट विचारलं, “बाबा, तुमचं नाव काय?” बाबा म्हणाले, “रंगनाथ.” सिस्टर आमच्याकडे वळल्या. “पाहिलंत? ज्या प्रश्नाला ‘व्हय’ उत्तर येतं तो प्रश्न विचारायचा नाही. ‘तुम्ही अमके का?’ असं नाही. ‘तुमचं नाव काय?’ असं. तुमच्या हातात सुई आहे, औषध आहे, आणि समोरचा माणूस भिडस्त आहे. नावात चुकलात की माणूस जाईल.”

तेव्हापासून त्या स्वतःही असा प्रश्न विचारत नसत. ‘समजलं का?’ नाही, ‘काय समजलं?’ ‘जेवलीस का?’ नाही, ‘काय जेवलीस?’ पावसाचं विचारायचं तर ‘पाऊस आला का?’ न म्हणता ‘आभाळाचं काय चाललंय?’ म्हणत. आणि आमच्यापैकी कुणी चुकून ‘व्हय’ म्हटलं, तर तिनं दिवसभर खाटेवर पडून पेशंट व्हायचं. आमच्या पारनेरकडे तर व्हयशिवाय वाक्य सुरू होत नाही. पहिल्या महिन्यात मी जितकी खाटेवर होते तितकी ड्यूटीवर नव्हते.

टोपीला पंधरा दिवस राहिले होते तेव्हाची गोष्ट.

मी त्याच दिवशी पुरुषांच्या वॉर्डातून बायकांच्या वॉर्डात आले होते. आठ नंबरच्या खाटेवर सरूबाई, पोटाचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी. दुपारी चारला एनिमा द्यायचा. तो माझा पहिला स्वतंत्र एनिमा. माझ्या डोक्यात नुसता क्रम फिरत होता. पाणी कोमट, मनगटावर थेंब टाकून बघायचं. डबा किती उंच धरायचा. नळीतली हवा आधी काढायची. सामान घेऊन गेले, खाटेवर एक बाई डोक्यावरून पदर घेऊन पडलेली होती. मी भोवती पडदा ओढला आणि म्हटलं, “सरूबाई ना तुम्ही?”

“व्हय,” पदरातून आवाज आला.

झालं! पुढचं सगळं मी इतकं सुरेख केलं म्हणून सांगू. डाव्या कुशीवर वळवलं, रबरी चादर घातली, अंग उघडं पडू दिलं नाही, “बाई, तोंडानं श्वास घ्या” म्हटलं, त्यांनी घेतला. बेडपॅन दिलं, काढलं, पुसलं, हात धुतले. आयुष्यात मी त्याहून चांगला एनिमा कुणाला दिला नाही. पडदा बाजूला केला तर समोर एक तरणी बाई उभी, एक्स-रेचा फोटो काढण्याच्या खोलीतून परत आलेली. ती खाटेकडे बघून म्हणाली, “आत्ये, सरक की. माझी खाट हाय ती.”

म्हणजे सरूबाई ही होती!

खाटेवर होती ती सरूची आत्या, चिमाआत्या. पाथर्डीकडची, दुष्काळी कामावर खडी फोडणारी. सकाळपासून दोन एस.टी. बदलून उभ्यानं आलेली. भाचीला फोटो काढायला नेलं तेव्हा खाट रिकामी दिसली, म्हणून जरा टेकली होती. “अहो, मग तुम्ही व्हय कशाला म्हणालात?” मी जवळजवळ रडतच विचारलं.

“मला वाटलं, हितं आल्यागेल्या समद्यांनाच देत्यात,” चिमाआत्या म्हणाली. “आन न्हाई म्हनलं आसतं तर खाटंवरनं उठिवलं आसतंस.” मग तिनं पोटावरून हात फिरवला. “पन पोरी, लई झ्याक झालं बघ. चार दिस झालं, पोट दगडावानी हुतं. हलकं वाटाया लागलं. आजूक येकदा देतीस?”

सरू खुदखुदत होती. “आत्येला दिला ना? मंग मला नगं,” म्हणाली. तिला समजावून, नाव विचारून, तिचा एनिमा दिला. चिमाआत्यानं माझा पडलेला चेहरा पाहिला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “म्या कुनाला सांगत न्हाई. काय बिगाडलं न्हाई माजं.”

आणि खरंच, कुणालाच कळलं नसतं. वॉर्डात त्या वेळी दुसरी नर्स नव्हती. मी सामान धुवायच्या खोलीत उभी राहिले. दवाखान्याचा नियम मला पाठ होता. शिकाऊ मुलीनं चुकीच्या माणसाला उपचार केला, तर टोपी नाही, घरचा रस्ता. मला राहात्याची ती विहीर दिसायला लागली. गप्प बसावं. कोणाचं काही वाईट झालंय? आत्या तर खूश आहे. पण मला रंगनाथबाबाही आठवत होते, आणि असंही वाटलं की आज गप्प बसले तर उद्या हातात सुई धरल्यावर माझा हात थरथरेल, आणि मग टोपी असली काय नि नसली काय. मी डबा तसाच ठेवला आणि सिस्टरांना शोधायला गेले.

त्या चादरींच्या खोलीत घड्या घालत होत्या. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता आभाळ कोसळणार.

“आत्याबाईंची नाडी किती?” सिस्टरांनी विचारलं.

“मी... मी नाही बघितली.”

“आधी बघून ये. रडायला नंतर वेळ आहे.”

मी पळत गेले. नाडी चौऱ्याऐंशी, चक्कर नाही, पोटात कळ नाही. पळत परत आले, सांगितलं. तेव्हा सिस्टरांनी चादर खाली ठेवली. “आज कोमट पाणी होतं. उद्या सुई असती तरी ती बाई व्हयच म्हणाली असती. काय समजलं?”

“की मी तिला मारलं असतं.”

“हं. रिपोर्टच्या वहीत लिही. तुझ्या हातानं, सगळं.”

“सिस्टर, मला घरी पाठवतील.”

“पाठवतीलही.”

“माझं लग्न लावून देतील, सिस्टर!”

“मग मांडवात नवऱ्याला आधी नाव विचार,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा घड्या घालायला लागल्या. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की वाटलं, ही बाई माणूस नाहीच, हीच ती कपाटातली बाहुली. पण मी लिहिलं. दात-ओठ खात, अक्षर न अक्षर खरं लिहिलं. ‘मी “सरूबाई ना” असे विचारले’ हे वाक्यसुद्धा.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मेट्रनबाईंनी बोलावलं. वही त्यांच्यासमोर उघडी होती. मेट्रनबाई कमी बोलायच्या. म्हणाल्या, “नियमाप्रमाणे ही घरी जाईल. पण हिनं स्वतः सांगितलं आहे. ज्या बाईला उपचार झाला तिला नीट समजावून सांगा की काय झालं. तिची तक्रार असेल तर आजच्या एस.टी.नं ही पारनेरला. नसेल तर बघू. मी स्वतः ऐकणार.”

सरूचं ऑपरेशन सकाळीच होऊन गेलं होतं, चांगलं झालं होतं. ती गुंगीत होती. चिमाआत्या खाटेच्या पायथ्याशी फरशीवर बसली होती. आम्ही तिघी तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिलो. तीन-तीन पांढरी माणसं एकदम पाहून आत्या आधीच बावरली. सिस्टर माझ्या पुढे ताठ उभ्या होत्या. आमच्या सिस्टर चांगल्या उंच, हडकुळ्या, ताठ उभ्या राहिल्या की वॉर्डातल्या पंख्याला डोकं लागेल असं वाटायचं. त्या म्हणाल्या, “आत्याबाई, काल या मुलीनं सरूबाईंचा एनिमा चुकून तुम्हाला दिला. तिच्याविरुद्ध तुमची काही तक्रार आहे का?”

“व्हय,” चिमाआत्या म्हणाली.

 मेट्रनबाईंनी माझ्याकडे पाहिलं. संपलं, मी मनात म्हटलं, आता मुकाट्यानं ट्रंक भरायची.

आणि मग माझ्या डोक्यात लखकन काहीतरी झालं. हा प्रश्न! सिस्टरांनी हा असला प्रश्न विचारला! सहा महिन्यांत ज्या बाईनं पावसाबद्दलसुद्धा असा प्रश्न विचारला नव्हता, ती आज माझ्या वेळी चुकली. मी त्यांच्या मागेच उभी होते म्हणून मला दिसलं. पाठीशी धरलेल्या हातात रुमालाचा पार बोळा झाला होता. माझ्यासाठी. काल मला मांडवात नवऱ्याचं नाव विचारायला सांगणारी ही बाई माझ्यासाठी भ्यायली होती. 

“मेट्रनबाई,” सिस्टर म्हणाल्या, “माझा प्रश्न चुकला. मला पुन्हा विचारू द्या.” त्यांच्या तोंडून ‘माझं चुकलं’ आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो.

मग त्या खाली बसल्या. फरशीवर, चिमाआत्यासमोर, मांडी घालून. “आत्या, तुमचं नाव काय?”

“चिमा.”

त्यांनी तिला सगळं सावकाश सांगितलं, तिच्याच बोलीत. खाट कुणाची, औषध कुणाचं, मुलीनं काय विचारायला हवं होतं, काय विचारलं. मग म्हणाल्या, “आता तुमी मला सांगा, काल काय झालं?”

चिमाआत्यानं जरा विचार केला. “सरूचं औषीद मला दिलं. पोरगी चुकली.” मग एकदम तिचे डोळे मोठे झाले. “आगं बया, बाई! त्ये वंगाळ काय आसतं तरी म्या व्हयच म्हनले आसते की गं!”

“मग आता या मुलीचं काय करायचं? तुमी सांगाल ते आमी करू.”

चिमाआत्यानं माझ्याकडे पाहिलं. “खडीवर नवी बाई आली की पयल्या दिशी हातुडा बोटावर पडतोच,” ती म्हणाली. “मुकादम तिला हाकलून न्हाई लावत. चिंधी बांधून परत बसिवतो. आन खरं सांगू का, आजवर लई जनांनी माज्याशी वंगाळ केलं, पन वहीत लिवून कुनी कबूल झालं न्हाई. ही झाली. ठिवा तिला. आन म्या बी आता न्हाई म्हनाया शिकंन.”

मेट्रनबाईंनी वही मिटली. मग म्हणाल्या, टोपी पंधरा दिवसांनी नाही, दीड महिन्यानं. तोवर रोज सकाळी वॉर्डातल्या प्रत्येक पेशंटला त्याचं नाव विचारून, त्याच्या तोंडून आलेलं लिहून आणायचं. आणि त्या निघून गेल्या. माझा जीव भांड्यात पडला. 

सिस्टर उठायला लागल्या, तर चिमाआत्यानं त्यांचं मनगट धरलं. “थांब की. माजं नाव इचारलंस. तुजं काय?”

“भिंगारदिवे सिस्टर.”

“त्ये आडनाव आन काम झालं. नाव, नाव!”

सिस्टर पुन्हा फरशीवर टेकल्या. म्हणाल्या, “सुगंधा.” आणि मग, कुणी विचारलं नसताना, “सुगीच्या दिवसांत झाले म्हणून. आई सुगी म्हणायची.”

“सुगी!” चिमाआत्याचा चेहराच खुलला. “दोन वरीस झालं, ह्यो सबूद कानावर न्हाई बघ. आता कोन म्हनतं तुला सुगी?”

“आता कोणी नाही,” सिस्टर म्हणाल्या. एखाद्या पेशंटचा ताप सांगावा तसं सरळ सांगितलं त्यांनी. “आई जाऊन वीस वर्षं झाली. दुसरं कोणी नव्हतंच.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सहा महिने आम्ही त्या बाईचं अंग पुसलं, केस विंचरले, तिला पाणी पाजलं, पन्नास वेळा “तुमचं नाव काय?” विचारलं आणि गयाबाई, हौसाबाई लिहून घेतलं. तिचं स्वतःचं नाव विचारावं असं बारा जणींपैकी एकीच्याही मनात आलं नव्हतं.

“मंग म्या म्हनते की,” चिमाआत्या म्हणाली. “म्या तुज्यापरीस थोरली हाय.”

सरू दहा दिवस वॉर्डात होती आणि दहाही दिवस चिमाआत्या म्हणत राहिली. सिस्टर वॉर्डात आल्या की लांबूनच हाक, “सुगे, चा घेतलास का गं?” आमचा श्वास अडकायचा. वॉर्डात मोठ्यानं बोलणाऱ्या मामलेदारालासुद्धा सिस्टरांनी बाहेर काढलं होतं. पण चिमाआत्याला त्या फक्त “हळू, आत्या,” म्हणायच्या आणि तिच्या शेजारी बसून बशीतला चहा प्यायच्या. वॉर्डात चहा पिऊ नये असा त्यांचाच नियम होता.

मला पुढे टोपी मिळाली. आई आली होती, चुलतेही आले होते. पण मला आठवतो तो सरूला घरी सोडलं तो दिवस. दुपारचं ऊन, फाटकाशी टांगा उभा. मी सरूला हाताला धरून टांग्यात बसवत होते. चिमाआत्या गाठोडं खाली ठेवून मागे वळली. सिस्टर पायऱ्या उतरून फाटकापर्यंत आल्या होत्या. पेशंटला पोचवायला त्या कधी पायरीच्या खाली उतरत नसत.

चिमाआत्या त्यांच्या छातीएवढी. तिनं दृष्ट काढायला दोन्ही हात वर केले, पण ते पोचेनात, पोचले ते टोपीला अडायला लागले. सिस्टरांनी टोपीच्या पिना काढल्या, टोपी काखेत धरली आणि मान खाली वाकवली. केस बरेच पांढरे झाले होते. खडीनं फुटलेले ते हात त्या केसांवरून सावकाश फिरले, मग आत्यानं स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. सिस्टर तरी मान वर करेनात.

टांगेवाला एस.टी. चुकेल म्हणून ओरडायला लागला. मी त्याला दटावलं, “गप बस रे. थांब जरा.”